पैनगंगेपलीकडचे बापूजी

हिंगोली, कळमनुरी हे तालुके परभणी जिल्ह्यात मोडत, त्या काळी जिल्ह्याची उत्तर सीमा पैनगंगेस भिडलेली होती. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल; साधी सभा भरवावयाची तरी गश्ती निशाण ५३ आडवे येई. पलीकडे वऱ्हाड. तेथेही राज्य परक्यांचेच. पण जामिनाची टांगती तलवार सोसून का होईना, वर्तमानपत्र काढता येई. श्रोतेहो, त्या पलीकडच्या काठावरील एका संपादकाची ही हकीकत आहे.

माधव श्रीहरी अणे, लोकांचे बापूजी, यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपुरास शिकून त्यांनी यवतमाळास वकिली मांडली. ते लोकमान्यांचे निष्ठावंत अनुयायी. यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक चालविले. त्या नावाचे दैनिक आज घरोघरी येते. नावाचा मूळ धनी मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

१० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी कायदा मोडला. गवत ते काय! पण वऱ्हाडास समुद्र नाही, आणि ज्याची गुरे दावणीला उपाशी उभी, त्यास मिठाच्या करापेक्षा गवताची बंदीच अधिक झोंबे. पुढे डिसेंबर १९३८ मध्ये निजामी राज्यातील निर्बंधांविरुद्ध सोलापुरास आर्य परिषद भरली, तिचे अध्यक्षही बापूजीच. १९३९ चा हैदराबादचा सत्याग्रह तिच्यामागोमाग आला.

१९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. १९४२ मध्ये जुने सोबती तुरुंगात आणि बापूजी सरकारात, हे दृश्य अनेकांस रुचले नाही. त्याचे समर्थन करण्याचा खटाटोप येथे नको. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान राजवाड्यात गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. अधिकारपदावर जाणारे पुष्कळ. वेळेवर उठून येणारे विरळाच.

त्याच वर्षी ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले व १९४७ पर्यंत राहिले. काम नाजूक होते. चहाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या तमिळ मजुरांस मताचा व नागरिकत्वाचा हक्क मिळणार की नाही, हा प्रश्न. आणि सिलोन तर स्वतःच स्वराज्याच्या उंबरठ्यावर उभे. तेथील जनतेची भीती ओळखून आपल्या माणसांची बाजू मांडावयाची, हे अग्रलेख लिहिण्याइतके सोपे नव्हे. बापूजी परतल्यानंतर १९४८ च्या कायद्याने त्या मजुरांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाकारले.

१९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. १९६२ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत धाडले. उतारवयात ते लोकमान्यांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचीत होते. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ ग्रंथास १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.