हृदयरुग्ण बालकाचा सवंगडी

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शाळेची वाट पुष्कळदा चढाची असते. अशा वाटेवर एखादे मूल मध्येच उकिडवे बसते. त्याचे ओठ निळसर पडतात. पाहणारे त्यास आळशी म्हणतात. वास्तविक, जन्मजात हृदयदोषाच्या एका प्रकारात असे बसल्याने फुप्फुसांकडे अधिक रक्त जाते व धाप शमते. हे त्या बालकास कोणी शिकविलेले नसते! दप्तर उचलून शेजारी थांबणारा सवंगडीच ते प्रथम पाहतो. त्याने गुरुजींना सांगावे. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियेची सोय आहे. शस्त्रक्रियेनंतरही काही पालक मुलास ओट्यावरच बसवून ठेवतात. कितपत खेळावे, हे डॉक्टरांस विचारावे आणि विटीदांडूचा डाव मांडताना सवंगड्यांनी त्यालाही गडी म्हणून घ्यावे.