उशाशी बॅटरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या खान्देशात बॅटरी म्हणजे विजेरी. जळगाव जिल्ह्यात केळीला रात्री पाणी द्यायला निघालेले अब्बा ती हाती घेत आणि परतल्यावर उशाशी ठेवून झोपत. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो. बॅटरीची भीती अशी कधी वाटली नाही.

ती वाटली २६ फेब्रुवारी २०१४ रोजी. मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत धूर कोंडला आणि दोन अधिकारी गेले. बॅटरीच्या कप्प्यातल्या केबलींनी पेट घेतला होता. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याआधी २०१० मध्ये विशाखापट्टणमला 'सिंधुरक्षक'च्या बॅटरीतून हायड्रोजन गळून स्फोट झाला. एक नौसैनिक दगावला. या बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या, शिसे आणि आम्लाच्या. आणि त्या असतात नौसैनिकांच्या राहण्याच्या जागेखालीच!

आता लिथियमचे दिवस आले. जपानने २०२० मध्ये 'ओर्यू' ही लिथियम-आयन बॅटरीची पाणबुडी नौदलात घेतली. ही बॅटरी हलकी. पाणबुडीला जास्त वेळ पाण्याखाली ठेवणारी. चार्ज होताना ती हायड्रोजनही सोडत नाही. पण एक सेल तापून बिघडला की शेजारचा तापतो, आणि विझली म्हणता म्हणता आग पुन्हा भडकते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसे जाळणारा वायू असतो. अमेरिकी नौदलाची एक छोटी पाणबुडी २००८ मध्ये पर्ल हार्बरला बॅटऱ्या चार्ज होत असतानाच पेटली. सुदैवाने कुणी दगावले नाही.

धुळ्यातला आमच्या शेजारचा मुलगा सैन्यात आहे, पाठीवर वायरलेस सेट घेऊन फिरतो. सुटीवर आला तेव्हा मी त्याला विचारले. म्हणाला, "चाचा, फुगलेली बॅटरी दिसली की चार्जिंगला लावायची नाही. वेगळी ठेवायची अन् साहेबांना कळवायचं."

घरातला मोबाइल तापला तर आपण तो अंगणात ठेवून लांब उभे राहतो. पाणबुडीला अंगण नसते. सैनिकाला 'हे सामान नको' असे म्हणताही येत नाही. म्हणून नवी बॅटरी त्याच्या हाती देण्याआधी ती तापवून, ठोकून, भोसकून पाहणे आणि धूर छातीत गेलेल्यांची पुढे कित्येक वर्षे तपासणी करणे, हे देशाचे काम आहे.

खान्देशातली मुले भरतीला जातात तेव्हा आया डोळे पुसून निरोप देतात. मुलाच्या अंथरुणाखाली काय ठेवले आहे, एवढे विचारण्याचा हक्क त्यांना असावा. आणि उत्तरही मिळावे.