दादाचा जी. आय. जो आणि मातीचा माहुली

आज बोलतोय शहापूरहून, अंगणातल्या किल्ल्याशेजारी बसून.

परवा कपाटात दादाचा फनस्कूलचा जी. आय. जो सापडला. पावणेचार इंचांचा गडी. उचलला, तर धड हातात आणि पाय खाली! तुमच्याकडेही असं झालं तर फेकू नका. त्याच्या पोटात एक रबरी ओ-रिंग असते, धड आणि पाय तीच धरून ठेवते. वर्षांनुवर्षं पडून राहिली की तुटते. पाठीवरचा स्क्रू काढा, धड उघडेल, पायांच्या आकड्यात नवी रिंग अडकवा. नळाच्या सामानाच्या दुकानात तुटकी रिंग दाखवून तशीच मागा. फार घट्ट नको, कमरेखालचं प्लास्टिक तडकतं.

गडी उभा राहिला, आता त्याला जागा हवी. दिवाळीचा किल्ला होताच, यंदा माहुली. १६३६ मध्ये शहाजीराजे वेढ्यात अडकले तो आपला गड. दगड, पोतं, माती, वर मोहरी. मावळे बोटभर, म्हणून या धिप्पाड पाहुण्याला पायथ्याशी, आसनगावात ठेवला.

फोटो दादाला पाठवला. चार दिवाळ्या तो दुबईतच आहे. रात्री रिप्लाय आला: "हेल्मेट कुठंय त्याचं? थांब, येऊन शोधतो."

तुमच्या कपाटात कोण पडलंय? बघा आणि कळवा.