घरचा दिवा आणि दूरचे बटण



अर्धापूरच्या केळीला रात्री-अपरात्री पाणी द्यावे लागते, हे येथे कोणास सांगावयास नको. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण काढले. त्याच्या योगाने शेतकरी घरबसल्या मोबाइलवरून पंप सुरू करतो. परंतु आम्हांस मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : पंपापाशी वीज आहे की नाही, हेही त्यास घरीच कळते.

घरातले दिवे दुरून चालविण्याची आज्ञावली आम्ही स्वतः लिहावयास बसलो, तेव्हा नेमके हेच विसरलो.

२०१४ साली बाजारात आलेली ‘ईएसपी ८२६६’ ही चिप प्रत्येक दिव्यापाशी बसविली. निरोपांसाठी ‘एमक्यूटीटी’ ही पद्धत घेतली. तेलाच्या नळांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी ती तयार केली. घरातला एक लहानसा संगणक टपाल-कारकुनासारखा मध्ये बसतो. ज्याने ज्या विषयासाठी नाव नोंदविले, त्याला तो निरोप देतो. भिंतीवरची बटणे मात्र आम्ही मोठ्या शहाणपणाने काढून टाकली!

एका संध्याकाळी नांदेडहून आम्ही ओसरीचा दिवा लावला. मोबाइलवर तो पिवळा दिसला. घरी येऊन पाहतो तो मातोश्री अंधारात बसलेल्या. म्हणाल्या, “दिवा लावायला बी तुझीच वाट बघायची का रे?”

झाले होते असे : वीज जाऊन आली. चिप क्षणात जागी झाली. राउटरला दोन मिनिटे लागली. चिपने पाच हाका मारल्या आणि ती गप्प बसली, कारण आम्हीच तसे लिहिले होते. मोबाइल दाखवीत होता ती आमची आज्ञा, दिव्याची स्थिती नव्हे.

आता चिप हाका मारीतच राहते. दिव्याच्या तारेतील प्रवाह मोजून ती उत्तर पाठविते, आणि ते आल्यावाचून मोबाइलवर पिवळा रंग येत नाही. शिवाय ती कारकुनापाशी आधीच एक निरोप ठेवते की, माझा आवाज बंद पडला तर मी गेले असे कळवा. (या निरोपाला त्या शास्त्रात मृत्युपत्रच म्हणतात!) भिंतीवरची बटणे परत बसविली. जिन्यात खालून-वरून दिवा लागावा म्हणून वायरमन जी दुहेरी जोडणी करतो तीच येथे केली. एका टोकास बटण, दुसऱ्यास चिपचा रिले. चिप मेली तरी बटण चालते.

हल्ली मातोश्री बटण दाबतात, आणि नांदेडला आमच्या मोबाइलवर ओसरी पिवळी होते.