पिशवी फेकू नका



मृगाचा पाऊस पडला की लातूर जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढं सोयाबीनच्या बियाण्यासाठी झुंबड उडते. आणि आठ-दहा दिवसांनी एखाद्याच्या रानात तासंच दिसत नाहीत. माती उकरावी तर दाणे कुजलेले. 2020 च्या खरिपात मराठवाडाभर अशा तक्रारींचा इतका ढीग पडला, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

फ्रीज बिघडला तर आपल्याला ग्राहक कायदा आठवतो. बियाणं फसलं की मात्र आपण नशिबाला बोल लावतो आणि दुबार पेरणीच्या पैशाला लागतो. कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला असे: शेतकरी माल विकून पैसे करतो, मग तो ग्राहक कसला? 2012 साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. पोटासाठी शेती करणारा ग्राहकच.

त्याच निकालात दुसरी मोलाची गोष्ट आहे. ‘नमुना प्रयोगशाळेत का तपासला नाही?’ हा कंपनीचा हुकमी सवाल. आता, बियाणं खराब निघेल असं धरून कोण मूठभर बाजूला काढून ठेवतो? शेतकरी सगळंच पेरतो. तपासणी नाही एवढ्यावर दावा उडवता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणून बाकीचा पुरावा हवा. पक्की पावती घ्या, तिच्यावर लॉट नंबर आहे का बघा. उधारीवर घेतलं म्हणून दुकानदार चिठ्ठीवर भागवतो. ते चालवून घेऊ नका. पिशवीचं टॅग जपा. सोयाबीनची किमान 70 टक्के उगवण व्हायला हवी. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले तर घरीच कळतं.

आपली बाजूही नेटकी हवी. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. बॅग आपटली, खोल पेरलं, पुरेशी ओल नसताना घाई केली, तरी उगवण मार खाते. कंपनी नेमकं त्याकडंच बोट दाखवते. म्हणून रान मोडायच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या आणि तक्रार निवारण समितीचा पंचनामा करून घ्या. आधी रान मोडलं, तर समितीनं बघायचं काय?

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग लातुरातच आहे. 2019 च्या कायद्यानं, कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. सल्ला हवा असेल तर 1915 वर फोन लावा.

आणि यंदा पेरणी उरकली की रिकामी पिशवी बांधावर टाकू नका. टॅग आणि पावतीसकट ती घरात ठेवा, निदान रास होईपर्यंत.