रसद तोडणारे औषध



औषध म्हणजे रोगावर घालावयाचा घाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. स्तनाच्या कर्करोगावर गेली पन्नासहून अधिक वर्षे वापरात असलेले टॅमॉक्सिफेन मात्र घाव घालण्यापेक्षा वेढा घालते. शत्रूची रसद तोडून त्याला गडावर उपाशी ठेवावे, तसा त्याचा प्रकार आहे.

या रसदीचा पहिला सुगावा ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांना लागला. रोग हाताबाहेर गेलेल्या काही स्त्रियांची अंडाशये त्यांनी काढून टाकली, तेव्हा त्यांच्या गाठी विरू लागल्या. हे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. 'हॉर्मोन' हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता! मात्र हा गुण सर्वांनाच येईना. त्याचे कारण पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून उलगडले. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन पेशींतील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते आणि पेशींना वाढीचा आदेश मिळतो. ज्या गाठीत हे ग्राहक प्रथिन असते, तीच गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते.

टॅमॉक्सिफेन नेमके या प्रथिनाची जागा अडवून बसते. त्याचा जन्म मात्र निराळ्याच हेतूने झाला. १९६२ साली इंग्लंडात, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, डोरा रिचर्डसन या विदुषींनी ते प्रथम सिद्ध केले. आर्थर वॉलपोल यांचा गट तेव्हा गर्भनिरोधकाच्या शोधात होता. उंदरांवर ते लागू पडले. स्त्रियांत मात्र त्याने उलट बीजोत्सर्गालाच चालना दिली. त्या कामी निरुपयोगी ठरलेले हे द्रव्य मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. १९७१ साली त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ग्राहक प्रथिन असलेल्या रोगात, शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे ही गोळी घेतल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. पण वेढ्याचे बळ चिकाटीत असते. गाठ गेली, प्रकृती सुधारली, वर अंगातून गरम वाफा निघण्याचा त्रास. मग कित्येक भगिनी गोळी मध्येच सोडून देतात. वेढा असा अवेळी उठला, तर लपून राहिलेल्या पेशींना पुन्हा रसद मिळू लागते. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा. औषध परस्पर बंद करू नये. रजोनिवृत्तीनंतर ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल ही औषधेही देता येतात. ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रियाच रोखतात. मात्र त्यांच्यामुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांवर लक्ष ठेवावे लागते.

रोग होण्यापूर्वीच हा वेढा घालावा काय? अमेरिकेत रोगाचा धोका अधिक असलेल्या तेरा हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांवर याची परीक्षा झाली. १९९८ साली निष्कर्ष आले: टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग जवळजवळ निम्म्याने घटला. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढले, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत. रोगी माणूस जी जोखीम पत्करतो, ती निरोगी माणसावर लादणे न्याय्य नव्हे. म्हणून डॉक्टरांनी लाभ आणि धोका हे दोन्ही पारड्यांत घालून दाखवावेत. तराजू मात्र त्या स्त्रीच्याच हाती असावा.