राजाच्या शेगडीसमोर



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या प्रयोजनावर बोलावं, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी पाळतो. उदाहरण तेवढं लांबचं घेतो. यरुशलेमचं, इ. स. पू. ६०५च्या सुमाराचं.

यहूदा राज्याच्या गादीवर तेव्हा यहोयाकीम होता. मजुरांची मजुरी बुडवून वाडे बांधणारा राजा, असं यिर्मया हा संदेष्टा त्याच्याविषयी उघड बोलत असे. यिर्मयाला मंदिरात जायला मज्जाव होता. म्हणून त्याने बारूख या लेखनिकाला तोंडी सांगून गुंडाळी लिहवून घेतली आणि उपासाच्या दिवशी, मंदिरात गर्दी असताना, बारूखाने ती गमऱ्या बिन शाफान याच्या दालनातून वाचून दाखवली. लोकांनी दुर्मार्ग सोडला नाही, तर देवाचा कोप होईल आणि बाबेलचा राजा हा देश उद्ध्वस्त करील, हे तिचं सार.

सरदारांनी ती ऐकली आणि ते हादरले. बारूखाला त्यांनी आधी सांगितलं, तू आणि यिर्मया कुठे तरी लपा. मग गोष्ट राजाच्या कानावर घातली. थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा बोरू तासायच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा. गमऱ्यासह तिघांनी विनवण्या केल्या. राजाने सबंध गुंडाळी जाळली.

मला त्याच्या रागापेक्षा त्याच्या सवडीचं भय वाटतं. न वाचता पुस्तकं जाळणारे पुष्कळ झाले. हा प्रत्येक रकाना ऐकून घेत होता. यिर्मयाने मात्र बारूखाला पुन्हा लिहायला बसवलं, आणि दुसरी गुंडाळी पहिलीपेक्षा मोठी झाली. बंदीमुळे मजकूर वाढल्याचं इतकं जुनं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही!

इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजेने शहर जाळलं. तिथे १९८२ साली उत्खननात मातीच्या पन्नासेक मुद्रा सापडल्या. कागदपत्रांना लावलेल्या या मुद्रांपैकी एकीवर नाव आहे गमऱ्या बिन शाफान. तो हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या आगीत कागदपत्रं गेली, तिनेच ती माती भाजून पक्की केली.

संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे, असा समज आपल्याकडे आहे. ज्योतिष्याला आपलं भाकीत खरं ठरायला हवं असतं; संदेष्ट्याचं चुकलं तर त्याचं काम फत्ते. मीखाने यरुशलेमचे ढिगारे होतील असं बजावलं, हिज्कीया राजाने ऐकलं आणि अरिष्ट टळलं. शंभरेक वर्षांनी यिर्मयावर देहदंडाची वेळ आली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हाच दाखला देऊन त्याची बाजू घेतली. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा तेवढा नशीबवान नव्हता. तो मिसरात पळाला. यहोयाकीमाने त्याला पकडून आणवलं आणि ठार केलं.

आमोस तर लेखक म्हणूनही अस्सल. तकोवाचा हा मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. त्याच्या ग्रंथात आधी दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम या शेजाऱ्यांचे अपराध एकेक करून येतात. श्रोते माना डोलवत असतील. मग यहूदा. आणि शेवटी खुद्द इस्राएल: वहाणांच्या एका जोडीसाठी गरिबाला विकणारे तुम्ही! बेथेलच्या याजकाने त्याला सुनावलं की हे राजाचं मंदिर आहे, तू आपल्या मुलखात जाऊन भाकरी खा.

या परंपरेतला एक जण आपल्या कोकणाचाही आहे. रायगडातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं जातं. पोहे, ओलं खोबरं आणि फळं वाटताना आठवतो तो हाच एलीया, ज्याने नाबोथाचा खून पाडून त्याचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाब राजाला त्याच मळ्यात गाठून जाब विचारला.

उद्या आपल्या संमेलनात ठराव मांडले जातील. दरवर्षी त्यांत ‘संबंधितांनी लक्ष द्यावे’ असं वाक्य असतं. यंदा ते वगळा. संबंधित कोण, हे नावानिशी लिहा, तो समोर बसलेला असताना वाचा, आणि यादीत आपलं स्वतःचं नाव येत असेल तर तेही गाळू नका.